सलामीला आलेला पाय

फार जुनी गोष्ट आहे, पोरांनो; थोरांनीही ऐकावी. समुद्रापलीकडे, नारळांच्या एका बेटावर एक आखाडा होता. तिथली विद्या पायाची. समोरच्याचा भार पुढच्या पायावर येऊ लागला की त्याच क्षणी तो पाय आपल्या पायाने झाडून काढायचा. एकदा का पाय रोवला गेला, की मग ढकला खुशाल, माणूस हलायचा नाही! आणि नियम एकच: पाय काढाल तर हात धरा. पडणाऱ्याला आपटू द्यायचं नाही.

गुरुजी थकले होते. पौर्णिमेच्या झुंजीत जिंकेल त्याच्या कमरेला आखाड्याचा शेला बांधायचं त्यांनी ठरवलं. पट्टशिष्याचा जीव त्या शेल्यात अडकला होता. पण समोर होता त्याचा बालमित्र, माडावर चढून नारळ काढणारा.

दोघे ऊन उतरेपर्यंत झुंजले. काही केल्या मित्राचा पाय निघेना. शेवटी गुरुजींनी हात वर केला. "बरोबरी! पुढच्या पौर्णिमेला बघू. सलामी करा."

रीतीप्रमाणे मित्र हसत, हात जोडून पुढे आला. भार सगळा पुढच्या पायावर. आणि ह्या शहाण्याने नेमका तोच पाय उडवला! हातही धरला नाही. मित्र धाडकन आपटला, मनगट मोडलं.

"जिंकलो!" शिष्य ओरडला. एकानेही टाळी वाजवली नाही.

मित्र कळवळत म्हणाला, "अरे, मी सलामीला आलो होतो रे!"

हे ऐकलं मात्र, शिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. तो गुरुजींच्या पायांशी कोसळला. "मला शिक्षा करा."

"मी कशाला करू? डाव तर अचूक टाकलास," गुरुजी म्हणाले. "उद्या सरावाला ये."

तो गेला. पण त्याच्यासमोर जो येई, तो मागच्या पायावर भार टाकून उभा राही. कालची शेंबडी पोरंसुद्धा! कुणी पाऊलच पुढे टाकेना, मग डाव करणार कुणावर?

लाजेने काळवंडलेलं तोंड घेऊन तो मित्राच्या दारी गेला. "हात बरा होईपर्यंत तुझे नारळ मी काढतो. नाही म्हणू नकोस."

"बरं," मित्र म्हणाला. पण उंबऱ्याआड, तोही मागच्याच पायावर उभा होता.

पुढे शेला त्या मित्राच्याच कमरेला बांधला गेला. शिष्य जन्मभर माडावर चढत राहिला. सलामीला मात्र त्याच्यापुढे कुणी वाकलं नाही.

तात्पर्य: विश्वासाने पुढे आलेल्याला जो पाडतो, त्याच्यापुढे पुन्हा कुणी पाऊल टाकत नाही.