पहिल्या गोणीचा मान

एका खाडीत एक राज्य होतं आणि त्या राज्याचा राजा होता एक कासव. दर पाच वर्षांनी निवडणूक व्हायची आणि प्रजा कासवालाच निवडून द्यायची. हा जागचा हलत नाही म्हणजे सरकार स्थिर आहे, असं सगळ्यांना पटलं होतं.

खाडीच्या काठाला पाणमांजरांची वस्ती होती. मासेमारी हाच त्यांचा धंदा. पण अलीकडे जाळ्यात मासे कमी आणि प्लास्टिकच जास्त यायला लागलं. पारूबाय नावाच्या पाणमांजरीने तर लागोपाठ तीन दिवस पिशव्या, बाटल्या आणि एक स्लिपर एवढंच ओढून काढलं. घरी दोन पिल्लं उपाशी! ती तडक दरबारात गेली.

कासवाला खरंच वाईट वाटलं. वाटायला दोन दिवस लागले, पण वाटलं. त्याने योजना काढली: गोणीभर प्लास्टिक आणा, सरकारी कोठारातून टोपलीभर मासे न्या. पारूबाय हरखली. संध्याकाळच्या आत गोणी भरून हजर!

तेवढ्यात राजपुरोहित बगळा पुढे आला. "थांबा! आपली रीत काय? हंगामाचा पहिला मासा दर्याला परत द्यायचा. ही तर योजनेची पहिली गोणी. दर्याचा मान दर्याला!"

आता रीत खरी होती. दर वर्षी पारूबाय स्वतःच पहिला मासा हात जोडून पाण्यात सोडायची. तिला नाही म्हणता येईना. कासवाने गोणी समुद्रात ओतली, बँड वाजला. "बंधुभगिनींनो, आजपासून आपला समुद्र स्वच्छ!" टाळ्या थांबेनात.

भरतीबरोबर सगळं प्लास्टिक परत पारूबायच्या जाळ्यात. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा गोणी आणली, तर तो खेकडा मंत्र्याच्या खात्याचा शुभारंभ निघाला. त्याच्या खात्याची ती पहिली गोणी, म्हणून तीही समुद्रात. मग प्रत्येक वाडीचा शुभारंभ वेगळा, कारण वाडीवाडीत रुसवेफुगवे. अहो, महिन्यात एकवीस शुभारंभ झाले! आणि मानाच्या गोणीला कुणी मोबदला मागतं का?

शेवटी पारूबाय कासवासमोर उभी राहिली. "महाराज, पाया पडते. आजच्या गोणीचा शुभारंभ नका करू. नुसते मासे द्या. पोरांची पोटं पाठीला लागलीत हो!"

मान नाकारते म्हणून दरबारात कुजबुज सुरू झाली. कासव मात्र विरघळला. "बाईचं बरोबर आहे. उघडा कोठार!"

कोठार उघडलं. आत साधी सुकटही नव्हती. एकवीस शुभारंभ म्हणजे एकवीस जेवणावळी, आणि पाहुण्यांना काय वाळू वाढणार?

कासव ओशाळला. पण पारूबायला रिकाम्या हाती पाठवणं त्याला बरं वाटेना. त्याने तिच्या पिल्लांना बोलावून, स्वतःच्या हाताने मानपत्र दिलं. छान लॅमिनेशन केलेलं.

पिल्लांनी ते लगेच दातांनी चावून पाहिलं, आणि तेवढ्यात फोटो निघाला. तोच फोटो आता खाडीभर फ्लेक्सवर झळकतोय. खाली लिहिलंय, "आमच्या राज्यात कुणीही उपाशी नाही."