दस्त्यावरच्या खाचा

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरांच्या कुशीतल्या एका राज्यात लढाया संपून चाळीस वर्षे लोटली होती. घोडदळ कधीच मोडले होते. खांद्याच्या पट्ट्याला कडीने अडकवून स्वार ज्या आखूड बंदुका दौडत्या घोड्यावरून चालवत, त्या आता कोणालाच नको होत्या. कोणी तशी बंदूक दाराला अडसर म्हणून लावली, कोणी तिच्या नळीची चुलीसाठी फुंकणी केली.

त्या राज्यातला एक तरुण इनामदार मात्र या बंदुकांच्या मागे वेडा झाला होता. कुठे एखादी आहे असे ऐकले की निघालाच. एका म्हातारीला नवी फुंकणी देऊन त्याने तिची नळी आणली, आणि त्याच बंदुकीचा, खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता तिच्या गोठ्यात शेणाखालून उकरून काढला. असे करत दहा वर्षांत त्याने चाळीस बंदुका जमवल्या.

बंदूक घरी आली की ती आधी शिकलगाराकडे जाई. शिकलगार म्हणजे हत्यारे घासूनपुसून लखलखीत करणारा कारागीर. त्याने विटेच्या भुकटीने नळी घासायची आणि लाकडी दस्ता तासून गुळगुळीत करायचा. इनामदाराचे एकच सांगणे असे, "तोंड दिसलं पाहिजे त्यात."

एकदा शिकलगार म्हणाला, "मालक, या दस्त्यांना खालच्या अंगाला खाचा आहेत. बहुतेक सगळ्यांनाच. इतक्या सरळ खाचा काही उंदीर पाडत नाहीत."

"मग?"

"मग काही नाही. विचारलं आपलं."

"तुला तासायला सांगितलंय, वाचायला नाही," इनामदार म्हणाला, आणि पुढच्या गावाला निघून गेला.

त्याला एकच चिंता होती. त्याच्या घराचे छप्पर गळके होते. पावसाळाभर बंदुका पलंगावर कोरड्या असत आणि तो स्वतः ओल्या जमिनीवर झोपे. अशात राजाने दवंडी पिटवली. घोडदळाची ओस पडलेली दगडी पागा, ज्याच्याकडे स्वारांच्या बंदुका सर्वांत चांगल्या जपलेल्या असतील, त्याच्या हाती दिली जाईल. पारख करायला घोडदळातला शेवटचा जिवंत स्वार येईल.

इनामदाराने सगळ्या बंदुका पुन्हा एकदा घासून घेतल्या. ऊन पडले की भिंतीवर टांगलेल्या त्या बंदुकांकडे बघवत नसे.

ठरल्या दिवशी म्हातारा स्वार काठी टेकत आला. त्याचे दोन्ही डोळे गेलेले होते.

म्हाताऱ्याने पहिली बंदूक मांडीवर घेतली, दस्त्याच्या खालून अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवली. दुसरी घेतली. तिसरी घेतली.

"बंदुका छान आहेत," तो म्हणाला. "पण सगळ्या कालच जन्मल्यासारख्या लागतात हाताला. खाचा कुठे गेल्या?"

"लाकूड खराब झालं होतं, बाबा. मी नीट करून घेतलं."

म्हाताऱ्याने हातातली बंदूक खाली ठेवली. मग म्हणाला, "पोरा, आमच्यात माणसं किती मारली हे कोणी मोजत नसे. मोजणाऱ्याला पंगतीत कोणी शेजारी बसवत नसे. पण अंगाखालचा घोडा पडला, की त्या संध्याकाळी स्वार चाकू घेऊन बसायचा आणि दस्त्याला एक खाच पाडायचा. घोड्यासाठी तेवढंच करता यायचं. माझ्या बंदुकीला तीन होत्या. हरणीची, मोगऱ्याची आणि चंदूची. चंदूची वाकडी आली. फौज मोडली तेव्हा बंदुका काढून घेतल्या आणि मिळेल त्याला वाटून टाकल्या. माझी इथे सापडेल म्हणून आलो. पागेचं आपलं निमित्त."

इनामदार उठला तो थेट शिकलगाराच्या झोपडीत गेला. "सगळे दस्ते तासलेस?"

शिकलगार मान खाली घालून म्हणाला, "अकरांवर हात चालेना, मालक. त्यांच्या खाचांत मेण भरलं आणि वरून तेल चोळलं. तुम्हाला गुळगुळीत हवं होतं, गुळगुळीत दिलं."

"म्हणजे मला फसवलंस."

"हो."

फसवले गेल्याचा इतका आनंद इनामदाराला जन्मात झाला नव्हता.

त्यांनी त्या अकरा बंदुका उन्हात मांडल्या. मेण मऊ झाले, तसे इनामदाराने स्वतः बाभळीच्या काट्याने ते कोरून काढले. म्हाताऱ्याने एकेक दस्ता चाचपला. एकावर दोन खाचा, एकावर एक, एकावर पाच. "पाच," तो पुटपुटला आणि त्या दस्त्यावर हात ठेवून बराच वेळ बसला. अकरावी बंदूकही झाली. वाकडी खाच कुठेच नव्हती.

इनामदार त्याच्यासमोर जमिनीवर बसला. "बाबा, तुमची उरलेल्या एकोणतीसांत असेल. तुमचा चंदू मी पुसला. पागा दुसऱ्या कोणाला द्या."

"दुसऱ्या कोणाकडे अकरासुद्धा नाहीत," म्हातारा म्हणाला. "शिवाय चूक झाली हे तू आपल्या तोंडाने म्हणालास. पागा घे. पण मालक म्हणून नाही, राखणदार म्हणून. आणि या शिकलगाराला बरोबर घे. त्याला विचारायची सवय आहे."

तसेच झाले. खाचांच्या अकरा बंदुका पागेत आत टांगल्या आणि तासलेल्या एकोणतीस अगदी दाराशी. येणाऱ्या प्रत्येकाला इनामदार आधी तिथे थांबवी आणि म्हणे, "या मी न विचारता तासायला लावल्या." तो पुन्हा गावोगाव फिरू लागला. आता मात्र बंदुकीला हात लावण्याआधी तो ओट्यावर बसे आणि विचारी, ही कोणाची, त्याचे घोडे कोणते.

म्हातारा स्वार रोज सकाळी पागेच्या दारात उन्हाला येऊन बसे. एकोणतीसांतली एखादी बंदूक मांडीवर घेई, गुळगुळीत दस्त्यावरून अंगठा फिरवी आणि म्हणे, "आज ही माझी."

दुसऱ्या दिवशी तो पुढची घेई. महिना संपेपर्यंत एकही बंदूक बिनमालकाची उरत नसे. इनामदार त्याच्या हातात गूळपाणी देई आणि शेजारी बसून चंदूची गोष्ट पुन्हा ऐके.

तात्पर्य : जुन्या वस्तूवरची खूण पुसण्याआधी ती कोणी आणि का केली, हे विचारावे.