तीन भोकांचं निशाण

फार फार वर्षांपूर्वी, समुद्रालाही आता नीट आठवणार नाही इतक्या वर्षांपूर्वी, एका उपसागराच्या काठी तीन राज्यं होती. एकाच्या निशाणावर वाघ होता, दुसऱ्याच्या वड आणि तिसऱ्याच्या मासा.

समुद्रात मधोमध खडक होते. खडकांना निशाणं वाचता येत नव्हती, त्यामुळे ते कुणाचंही गलबत फोडत. काठावरच्या माणसांना मात्र वाचता येत होती. गलबत बुडताना दिसलं की ती आधी निशाण बघत. आपलं असेल तर होड्या लोटत, परक्याचं असेल तर हात जोडत आणि घरी जेवायला जात. माणसं वाईट नव्हती हो, रीतच तशी होती.

शेवटी तिन्हीकडे रडणारी घरं इतकी वाढली की राज्यकर्ते एकत्र बसले. ठरलं, की तिघांचं मिळून एक निळं निशाण करायचं. ते ज्या गलबतावर दिसेल, त्याच्यासाठी कोणत्याही काठाने होड्या लोटायच्या.

इथवर शहाणपण होतं. मग शिंप्यांना बोलावलं.

"निळ्यावर आमचा वाघ हवा," वाघाचा राजा म्हणाला. वडाच्या राजाने वड मागितला, तोही पारंब्यांसकट. माशाची राणी म्हणाली, "मग आमचा मासा दोघांपेक्षा वीतभर मोठा!" सगळं जाडजूड जरीत भरलं गेलं. निशाण उचलायला दोन माणसं लागली, पण सगळ्यांनी वा वा केली.

ते निशाण लावून राणी पहिल्या गलबतातून निघाली. वाघाच्या किनाऱ्यासमोर वादळाने गाठलं, गलबत खडकावर आपटलं आणि तळातून पाणी येऊ लागलं. वर पाहावं तर निशाण भिजलेल्या गोधडीसारखं डोलकाठीला चिकटून लोंबत होतं.

"राणीसाहेब, काठावरून हे कुणालाच ओळखू यायचं नाही," म्हातारा तांडेल ओरडला. "हे जरीकाम कापून काढा, नाहीतर बुडालो!"

राणीने निशाण उतरवून घेतलं, सुरी मागितली आणि वाघ कापून टाकला. वाघ कापताना तिला जराही वाईट वाटलं नाही. निशाण पुन्हा चढवलं, पण ते हललं नाही. मग तिने वड कापला. तेही सोपंच गेलं. निशाण जरा थरथरलं आणि पुन्हा लोंबलं.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं.

"आता मासा, राणीसाहेब."

"मासा नाही! माझ्या आजीच्या आजीपासून तो आमच्या निशाणावर आहे."

"मासा पोहेल हो," तांडेल म्हणाला. "आम्हाला नाही जमायचं."

राणीला रडू कोसळलं. रडत रडतच तिने मासा कापला. निशाण चढलं आणि वाऱ्यावर ताठ उभं राहिलं.

किनाऱ्यावर वाघाचा राजा पहारेकऱ्यांबरोबर उभा होता. "महाराज, निळं काहीतरी दिसतंय," पहारेकरी म्हणाला. "पण त्यावर आपला वाघ नाही, वड नाही, मासाही नाही. नुसती तीन भोकं आहेत. कुणाचं समजायचं?"

वाघ नाही म्हटल्यावर राजाला आधी रागच आला. मग त्याने गलबताची ठेवण ओळखली. ते राणीच्या राज्यातलं होतं.

"तिने स्वतःचा मासासुद्धा काढला?" तो म्हणाला. "मग विचारता काय? आपलंच आहे ते. होड्या लोटा!"

गलबत बुडालं, माणसं सगळी वाचली. निशाणही राणीने सोबत आणलं.

दुसऱ्या दिवशी शिंपी सुईदोरा घेऊन भोकं बुजवायला आले. राणीने त्यांना परत पाठवलं. "राहू द्या," ती म्हणाली. "आपण काय सोडलं ते लोकांना दिसू द्या." बातमी ऐकून वडाचा राजाही आला होता; दोन्ही राजांनी मान डोलावली.

तेव्हापासून त्या उपसागरात निळं निशाण दिसलं की तिन्ही काठांवरून होड्या निघतात. गलबत कुणाचं, हे माणसांची अंगं पुसून, त्यांना गरम पेज पाजून झाल्यावर विचारतात. कधीकधी विचारायचं राहूनही जातं.

लहानथोरांनी लक्षात ठेवावं ते एवढंच: सगळ्यांचं निशाण उभं राहायला हवं असेल, तर त्यावरून आपलं चिन्ह आपल्याच हाताने काढावं लागतं.