रुतलेल्या पिकअपला कोण काढणार?

दाजीपूरच्या जंगलवाटेवर तात्या आपल्या हलक्या, जुन्या जीपमधून पाहुण्यांना फिरवत. ती विकून माझ्या गाडीसारखी वजनदार डिझेल पिकअप घ्या, असा ऑफ-रोड क्लबचे अध्यक्ष निंबाळकर यांनी हट्टच धरला. तात्यांचे मन डळमळू लागले.

“चिखलात रुतलेली कुठलीही गाडी माझी पिकअप ओढून काढते,” निंबाळकर म्हणाले.

चहा देता देता तात्यांच्या लेकीने, रेवतीने, हळूच विचारले, “आणि तीच रुतली तर, काका?”

“मग तिच्याहून मोठी गाडी लागते, पोरी,” ते ऐटीत म्हणाले.

रेवतीने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. “आमची जीप रुतली, तर तिला ढकलणारे चौघे तिच्यातच बसलेले असतात. तुमच्या पिकअपला काढणारी गाडी कुठे बसवायची?”

निंबाळकरांचा चहा निवून गेला. तात्यांनी विकायला म्हणून काढलेली जीपची किल्ली पुन्हा खुंटीला अडकवली.