ठकूबाईच्या खोपटातली मधली जागा

एका गावात एक तळं होतं आणि त्या तळ्यात बर्फ बुडायचा. हो, बुडायचा, धोंड्यासारखा! गाव फार थंड मुलखात होतं. तिथे तुमच्यापैकी कुणी गेलेलं नाही, त्यामुळे मी सांगतो ते ऐकून घेण्यावाचून तुम्हाला गत्यंतर नाही.

हिवाळा आला की पाण्यावर बर्फ धरायचा आणि तळाशी जाऊन बसायचा. थरावर थर चढायचे. खालून काहीतरी पांढरं हळूहळू उभं राहतंय, असं काठावरून दिसायचं. त्या वर्षी ते इतकं वर आलं की सगळे मासे वरच्या वीतभर पाण्यात दाटीवाटीनं तोंडं उघडून राहिले. आणखी एकदा कडाका पडला की तळं संपणार होतं. आणि गाव तर मासळीवरच जगत होतं.

त्या गावाची एक रीत होती. दिवेलागणीनंतर दारावर थाप पडली, तर दार उघडायचं नाही. आतूनच सांगायचं, "जागा नाही." थाप मारणारं माणूसच असेल, याची हमी कोण देणार?

त्या संध्याकाळी थाप पडली. पहिली भिवजी पाटलाच्या दारावर. गावातलं सगळ्यात मोठं, दगडी घर त्याचं.

"आत घ्या हो. मला जागा उरली नाही." आवाज बाईचा होता, पण घशात पाणी भरल्यासारखा.

"जागा नाही!" पाटील आतून ओरडला. तशा माजघराच्या भिंती बोटभर आत सरकल्या.

मग थाप पुढच्या दारावर. मग त्याच्या पुढच्या. सगळीकडून तेच उत्तर, आणि सगळीकडे भिंती करकरल्या. बाकीचे लोक घाबरून गप्प झाले. पाटील मात्र भिंतींवरच खेकसू लागला, "मागे व्हा! इथे जागा नाही!" तो जितका ओरडे, तितक्या त्या जवळ येत.

शेवटी थाप काठावरच्या खोपटावर पडली. तिथे ठकूबाई कोळीण आपल्या तीन लेकींसह राहायची. खोपट एवढंसं, तरी ठकूबाईनं दार उघडलं. बाहेर एक बाई उभी होती. नखशिखांत ओली, आणि बोटांच्या टोकांपर्यंत आरपार दिसणारी.

"आई," धाकटी कुजबुजली, "हिच्या ओच्यात मासे वळवळताहेत."

"पाहुण्यांच्या ओच्यात डोकावू नये," ठकूबाई म्हणाली. "या बाई. बसा."

ठकूबाई परत लेकींमधे जाऊन बसली. पाहुणी आत आली आणि थबकली. चौघी मायलेकी एकमेकींचे हात धरून, हात लांब ताणून, भिंतींना पाठ लावून गोल बसल्या होत्या. मधली जागा रिकामी होती.

"ही जागा कुणाची?"

"आमच्या घरधन्याची. तळ्यात नाव घेऊन गेले, ते परतले नाहीत. आले तर बसतील कुठे? म्हणून रोज अशाच बसतो. आज तुम्ही बसा."

पाहुणीनं मान खाली घातली. ती त्या तळ्याचं पाणी होती. घरधनी कुठे आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

ती मधोमध बसली. मग म्हणाली, "इतक्या लहान घरात जागा राहते कशी गं?"

"राहते कुठली! करावी लागते. हात सोडायचा नाही आणि अंगावरही पडायचं नाही. मग मधे मावतं कुणीतरी."

पाहुणी उठली आणि निघून गेली.

पहाटे कडाका पडला. पण या खेपेला गोठताना पाण्याच्या कणाकणानं शेजारच्याचा हात धरला, हात लांब ताणला आणि मधे जागा सोडली. असा बर्फ फुगला, हलका झाला. तळाचा जुना बर्फही पाण्यानं पोटात घेतला, विरघळवला आणि नव्यानं बसवून वर पाठवला. तळ्यावर छप्पर झालं. छपराखाली पाणी, पाण्यात मासे. गाव वाचलं.

ठकूबाईच्या खोपटात मधल्या जागेवर एक ओलं वल्हं पडलेलं होतं. तिनं ते लगेच ओळखलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली.

आणि पाटलाचं घर? सकाळी तिथे घर नव्हतं, एक भरीव काळा धोंडा होता. लोक बघत असतानाच तो उतारावरून घरंगळला, बर्फ फोडून तळ्यात गेला आणि थेट तळाशी बसला. पाटील आत होता का, ते मला विचारू नका. पण हिवाळ्यात त्या बर्फाला कान लावला, तर खूप खालून बारीक आवाज येतो म्हणतात, "जागा नाही... जागा नाही..." आणि वरचा बर्फ करकरत उत्तर देतो, "सरकतो, सरकतो."

तात्पर्य: जो दुसऱ्यासाठी आपल्यात जागा करतो, तो स्वतः तरतो आणि आपल्या आसऱ्याला आलेल्यांनाही तारतो; जो कुणालाच जागा देत नाही, तो आपल्याच भाराने बुडतो.