शेवटचा हात

नदीच्या एका वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात एक चित्रकार राहत होते. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. मास्तर भिंती रंगवत नसत, पाट्या लिहून देत नसत. पाण्यात कालवलेले रंग घ्यायचे आणि कागदावर चित्रं काढायची, एवढंच ते जन्मभर करत आले होते. घाट, नदी, डुंबणारी गुरं, भरून आलेलं आभाळ. त्यांच्या चित्रातलं पाणी इतकं ओलं दिसायचं की लहान पोरं हळूच बोट लावून बघायची आणि मग मास्तरीणबाईंचा ओरडा खायची.

मास्तरांची ओसरी शिकणाऱ्यांसाठी कायम उघडी होती. बारा शिष्य होते, आणि सगळे आपापला उद्योग सांभाळून येणारे. त्यात शिंपी होता, वैद्य होता, गुरव होता, कुंभारीण होती आणि देवळापुढं फुलं विकणारी एक बाईही होती. बाजाराचा दिवस सरला की दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी चटया, फळ्या आणि पाण्याची भांडी घेऊन घाटावर जायची. आणि वर्षातून एकदा, थंडी सरत आली की मास्तर सगळ्यांना डोंगरातल्या तळ्याकाठी आठ दिवसांच्या मुक्कामाला न्यायचे. दिवसभर चित्रं, दुपारी झाडाखाली गोल करून जेवणं, जेवताना एकमेकांच्या चित्रांची थट्टा. त्या आठ दिवसांसाठी वर्षभर जगणारी माणसं होती त्यात.

आता या रंगांची एक खोड आहे. कागद ओला आहे तोवरच काय ते करून घ्यायचं. एकदा वाळला की मागाहून कितीही घासा, चित्र मळकट होतं. त्यामुळं चित्र पुरं होत आलं की काढणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. आभाळ खाली ओघळतंय, आता काय करू? झाड फार गडद झालं, आता काय करू?

मास्तरांच्या शिष्यांना मात्र ही काळजी नव्हती. कारण मास्तर होते. कुणाचं चित्र बिघडतंय असं दिसलं की मास्तरांचे हात शिवशिवायचे. ते मागून यायचे, म्हणायचे, "सरक जरा." शिष्य सरकायचा. मास्तर त्याच्याच चटईवर बसायचे, इथं फडक्यानं टिपायचे, तिथं ब्रश टेकवायचे, आणि बघता बघता चित्र हसायला लागायचं. शिष्य खूश, मास्तर त्याहून खूश. बिचाऱ्यांना कुणाचं चित्र मरताना बघवायचंच नाही. प्रेम होतं हो ते, दुसरं काही नव्हतं.

फुलवाली नऊ वर्षं येत होती. तिच्या घरात नऊ मुक्कामांची नऊ चित्रं ओळीनं लावलेली होती. एकदा तिच्या लेकीनं विचारलं, "आई, यातलं तू काय काढलंस गं?" फुलवालीनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ही खालची जमीन माझी." हे तिनंच मास्तरांना हसत हसत सांगितलं. मास्तरही हसले.

एके दिवशी नदीपलीकडच्या गावची पाटलीण मास्तरांकडं आली. मोठी करारी बाई. म्हणाली, "मास्तर, आमच्या गावातल्या पोरींना हे शिकायचंय. वीस-बावीस जणी आहेत. तुम्ही याल का?"

मास्तरांना सत्तरी लागली होती. नदी ओलांडून रोज जाणं काही जमणारं नव्हतं. पण त्यांचं मन आनंदानं भरून आलं. आपल्या माघारी ही विद्या कोण पुढं नेणार, ही एकच चिंता त्यांना अलीकडं लागून राहिली होती. ते म्हणाले, "मी नाही, पण माझे बारा जण आहेत. त्यातला हवा तो घेऊन जा. डोळे मिटून निवडा!"

"डोळे मिटून कशाला? उघडून निवडते की," पाटलीण म्हणाली. "सगळ्यांना घाटावर बसवा. माझ्यासमोर चित्र काढू द्या. तुम्ही मात्र माझ्याजवळ बसायचं, ताक पीत."

बाराही जण घाटावर बसले. सुरुवात अशी झकास झाली की मास्तरांची छाती फुगली. आभाळ उतरलं, नदी उतरली, पलीकडची झाडी उतरली. पाटलीण मान डोलवत होती. आणि मग, चित्रांचे तीनातले दोन हिस्से होऊन एक हिस्सा उरला असताना, आधी शिंप्यानं ब्रश वर धरला आणि मास्तरांकडं बघितलं. मग वैद्यानं. मग कुंभारणीनं. मग फुलवालीनं. एकेक करून बाराही जण ब्रश हवेत धरून मास्तरांकडं बघत बसले.

मास्तर उठायला गेले. पाटलिणीनं त्यांच्या धोतराचा सोगा धरला. "बसा हो. ताक राहिलंय तुमचं."

वारा सुटला होता. बघता बघता कागद वाळले. घाटावर बारा अर्धवट चित्रं होती आणि सगळी अगदी एकाच जागी थांबली होती.

पाटलीण सगळी चित्रं बघून परत आली. तिनं आवाज चढवला नाही. "मास्तर, चित्रं चांगली आहेत. पण पुढचं कोण काढणार?"

मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. पाटलीण म्हणाली, "माझ्या पोरी पुढच्या सुगीपर्यंत थांबतील. तेव्हा एकदा येईन. तेव्हाही असंच झालं तर मग मी काही येणार नाही." आणि ती नावेत बसून निघून गेली.

मास्तर घरी आले. जेवलेही नाहीत धड. शेवटी बायकोला म्हणाले, "तीस वर्षं शिकवतोय गं मी. कुणालाच काही आलं नाही?"

मास्तरीणबाई म्हणाल्या, "येईल कसं? तुम्ही येऊ देता का? मी भाकरी थापत असताना कुणी दर खेपेला ती भाजून दिली असती, तर मला भाजता आली असती का?"

"पण त्यांचं बिघडतं!"

"मग बिघडू द्या की. माझ्या किती करपल्या ते तुमच्या सासूबाईंना विचारायला हवं होतं."

मास्तरांनी ठरवलं, या मुक्कामात कुणाच्या चित्राला हात लावायचा नाही. ठरवलं खरं, पण हात कुणाचे? मास्तरांचे! मास्तरीणबाई त्यांना पुरतं ओळखून होत्या. त्यांनी मुक्कामाच्या सामानात भुईमुगाच्या शेंगांचं एक पोतं घातलं. तळ्याकाठी पोचल्यावर मास्तरांच्या मांडीवर शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं आणि म्हणाल्या, "हात शिवशिवले की सोला."

पहिल्याच दिवशी मास्तरांनी सगळ्यांना सांगितलं, "यंदा मी शेवटचा हात फिरवणार नाही. ज्याचं चित्र त्यानं पुरं करायचं." कुणाला ते खरं वाटलं नाही. सगळे नेहमीसारखे दोन हिस्से काढून ब्रश वर धरून बसले. मास्तर शेंगा सोलत राहिले. बारा चित्रं वाळून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. जेवणात दाण्याची आमटी झाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा दाण्याची आमटी झाली, आणि तिसऱ्या दिवशी दाण्याचा कूट घातलेली वांगी झाली.

चौथ्या दिवशी शिंपी चिडला. "शेंगा सोलत बसणारा माणूस माझ्या घरीही आहे. माझे सासरे! त्यासाठी डोंगर कशाला चढायचा?" असं म्हणून त्यानं चटई गुंडाळली आणि तो डोंगर उतरला. त्याच्यामागं गुरवही गेला. शिंपी त्यांचा सगळ्यात जुना शिष्य. ते त्याला हाक मारायला उठले, पण हाक मारून सांगायचं काय? "ये, मी काढून देतो"? ते पुन्हा बसले.

बाकीचे राहिले. कुणी रडतखडत काढत होतं, कुणी घाबरत घाबरत. कुंभारणीची म्हैस डोंगराएवढी झाली. वैद्याच्या तळ्याला चार कोपरे आले. त्या आठ दिवसांत जितकी वाईट चित्रं झाली, तितकी गेल्या तीस वर्षांत झाली नव्हती. मास्तर रोज सगळ्यांमधून एक फेरी मारायचे, प्रत्येकाजवळ थांबायचे आणि मूठभर शेंगा घट्ट धरून पुढं जायचे.

सहाव्या दिवशी फुलवाली तळ्यापलीकडचा डोंगर काढत होती. तिनं पाणी अंमळ जास्त घेतलं. आभाळाचा निळा रंग खाली उतरून डोंगरात शिरला आणि डोंगर विरघळायला लागला. तिनं वळून बघितलं. मास्तर तिच्या पाठीशीच उभे होते.

"मास्तर, वाचवा हो!"

मास्तरांना ते कसं वाचवायचं हे नेमकं ठाऊक होतं. कोरडा ब्रश घ्यायचा, इथून टिपायचं, इथं थोडा मातकट रंग द्यायचा. दोन क्षणांचं काम. नऊ वर्षं ही बाई पहाटेपासून फुलं गुंफून, घरचं सगळं उरकून, त्यांच्याकडं येत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मास्तरांनी शेंगा टाकल्या, हात पुढं केला. बोटं तिच्या ब्रशला लागलीसुद्धा.

आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की फुलवालीची मूठ सैल झाली आहे. ती ब्रश सोडायला तयारच होती. नऊ वर्षं ती नेमकी इथंच ब्रश सोडत आली होती. हे तिला कुणी शिकवलं? त्यांनीच शिकवलं होतं.

मास्तरांनी तिची मूठ आपल्या हातानं मिटली आणि हात मागं घेतला. "मला नाही माहीत, काय करायचं ते," ते म्हणाले. उभ्या आयुष्यात मास्तर शिष्याशी पहिल्यांदाच खोटं बोलले.

"तुम्हाला माहीत नाही?" फुलवाली संतापली. "मग कुणाला माहीत?"

"चित्र तुझं आहे."

फुलवाली कागदाकडं बघत राहिली. तो वाळत चालला होता. मग काय तिच्या मनात आलं कोण जाणे, तिनं भांड्यात बोटं बुडवली आणि रोज पहाटे टोपलीतल्या फुलांवर जसं पाणी शिंपडायची, तसं त्या डोंगरावर शिंपडलं. मास्तरांनी डोळेच मिटून घेतले. असं कुणी करतं का!

डोळे उघडले तर डोंगरावर जिथं जिथं थेंब पडले होते, तिथून रंग बाजूला सरकत होता आणि फिकट गोल उमटत होते. विरघळणाऱ्या डोंगरावर धुकं उतरल्यासारखं दिसत होतं. फुलवालीनं मान तिरकी करून बघितलं, आणखी दोन थेंब टाकले, खाली तळ्याची एक रेघ ओढली आणि ब्रश धुऊन ठेवला. तळं जरा कलतं झालं होतं. डावीकडचं झाड तर सरळसरळ फसलं होतं. पण चित्र पुरं झालं होतं.

मास्तर तिच्याजवळ खाली बसले. "हे धुकं कसं आणलंस? मला पुन्हा एकदा दाखव बरं."

"मी? तुम्हाला?"

"हो, मला. मला हे येत नाही." आणि या खेपेला ते अगदी खरं बोलत होते.

त्या दिवशी आमटी खाताना फुलवाली आपलं चित्र मांडीजवळ घेऊन बसली होती. कुणालाही हात लावू देत नव्हती. मास्तरांनाही नाही.

सुगी आली, आणि ठरल्याप्रमाणं पाटलीण नावेतून उतरली. दहा शिष्य घाटावर बसले. पाटलिणीनं मास्तरांना शेजारी बसवलं आणि हातात ताकाचा पेला दिला. चित्रं सुरू झाली. आभाळ उतरलं, नदी उतरली, झाडी उतरली. मग ती वेळ आली. कुंभारणीनं मान वर केली, मास्तरांकडं बघितलं, स्वतःशीच जीभ चावली आणि पुन्हा खाली वाकली. वैद्यानं दोनदा बघितलं. बाकीच्यांनीही एकेकदा चोरून बघितलंच.

मास्तर फुलवालीकडं बघत होते. आता बघेल, मग बघेल. तिचा हात एकदा थांबला. मास्तर नकळत पुढं झुकले. तिनं पदरानं कपाळ पुसलं, कागदाकडं डोळे बारीक करून बघितलं आणि पुढं काढत राहिली. चित्र संपलं, तिनं ब्रश धुतला, तरी तिनं एकदाही मान वर केली नाही. मास्तर घाटावर आहेत, हेच ती विसरून गेली होती.

मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पाटलीण दचकली. "काय झालं मास्तर? चित्र आवडलं नाही तुम्हाला?"

"घाट जरा वाकडा आला आहे तिचा," मास्तर उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले. "पण हिलाच घेऊन जा पाटलीणबाई. हिला आता माझी गरज नाही."

आता याचं तात्पर्य विचाराल, तर ते एवढंच: ज्याच्यावर माया आहे त्याचं काम आपण पुरं करून देऊ नये, ते बिघडताना बघण्याचा धीर धरावा, म्हणजे एक दिवस ते त्याचं त्याला पुरं करता येतं.