गोजराबाई आणि चांगोचा पाय

खाडीवर पूल नव्हता आणि मीठ बैलांच्या पाठीवरून घाटावर जायचं, तेव्हाची ही हकिगत. खाडीकाठी खारोळी नावाचं गाव होतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मिठागरं, आणि मधे मातीचा लांबच लांब बांध. बांध होता म्हणून मीठ होतं, आणि मीठ होतं म्हणून गाव होतं.

त्या गावात न्हाव्याच्या घरी गोजराबाई राहायची. नवरा वारला तेव्हा त्याचा वस्तरा तिनं हाती घेतला. बाईमाणसानं वस्तरा धरू नये, असं काही जण म्हणाले. पण मिठागरात अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांत शिंपले घुसायचे, काटे मोडायचे, गळवं व्हायची, आणि ती फोडायला दुसरं कुणी नव्हतं. म्हणणारेही एकेक करून तिच्या ओटीवर येऊन बसले. तिचा हात इतका हलका होता की माणूस विचारायचा, "बाय, कधी कापणार?" आणि ती तेव्हा पट्टीची गाठ मारत असायची, असं म्हणतात.

कापण्याचं तिला स्वतःला फारसं कौतुक नव्हतं. ती म्हणायची, "कापणारा हात माझा, भरणारं अंग तुझं." मग सांगायला बसायची. आता सूज येईल. उद्या आजच्याहून जास्त दिसेल. तिला भिऊ नको, दाबू नको, पट्टी आवळू नको. पाय उंचावर ठेव. आली तशी ती उतरेल. मात्र ताप चढला, लाली वर सरकू लागली, घाण वास आला, तर मला लगेच बोलाव. आणि जखमेचं तोंड मिटेपर्यंत खाऱ्या पाण्यात उतरू नको.

हे शेवटचं कुणी ऐकत नसे. मीठ कुणासाठी थांबत नाही.

गावात चांगो नावाचा बांधाचा राखणदार होता. बांध फुटून भगदाड पडलं की त्याला तिकडे खांड म्हणतात. खांड बांधावी ती चांगोनंच. पाण्याचा जोर कुठे आहे ते त्याला नुसत्या पायांना कळायचं, असं म्हणतात. एका चैत्रात त्याच पायात कालवाचं शिंपलं खोल रुतलं आणि आत पू झाला. गोजराबाईनं चिरून शिंपलं काढलं, कडुनिंबाच्या उकळलेल्या पाण्यानं जखम धुतली आणि त्याला निजवून ठेवलं.

सूज यायची तशी आली आणि उतरायलाही लागली. तेवढ्यात उधाणाची भरती आली आणि बांध एका जागी झिरपू लागला. हाक ऐकली तसा चांगो उठला, पट्टीसकट चिखलात उतरला, आणि झिरपा बुजवून लंगडत घरी आला. दुसऱ्या सकाळी पाय गुडघ्यापर्यंत फुगला होता. अंगात ताप होता. त्याची बायको हिरू धावत गोजराबाईकडे गेली.

गोजराबाईनं पाय पाहिला. ती रागावली नाही. तिनं जखम पुन्हा उघडली, आतली घाण काढली आणि उंबऱ्यात बसून राहिली.

त्याच दुपारी पाणी आणखी चढलं आणि बांधाला खरीच खांड पडली. मिठागरांत वर्षाचं मीठ तयार होतं. जोमा पाटील चार माणसं घेऊन चांगोच्या दारात आला.

"बाय, वाट सोड. त्याला नेतो."

"पुन्हा खारात उतरला तर पाय जाईल. कदाचित तोही जाईल."

"आणि गाव गेलं तर?"

आतून चांगो म्हणाला, "मी येतो, पाटील."

गोजराबाई उंबऱ्यातून उठली. मग म्हणाली, "खाटेसकट न्या. तो सांगेल, तुम्ही करा. पायाला पाण्याचा थेंब लागता कामा नये."

चौघांनी खाट खांद्यावर घेतली. चांगोच्या पायाखाली पेंढ्याची गाठोडी रचली होती. बांधावर खाट ठेवली आणि चांगो पडल्या पडल्या सांगू लागला, पेंढा कुठे दाबायचा, माती कुठून आणायची. सगळं गाव चिखलात उतरलं, पाटीलसुद्धा. पाणी चढत चढत खाटेच्या खुरांना लागलं. तेव्हा गोजराबाई खाली बसली. सुजेवर ठेवायची तसा तिनं पाण्यावर तळवा ठेवला, अगदी हलका, आणि भरतीला म्हणाली, "आलीस तशी जा. घाई नको करू."

आणि पाणी उतरलं, असं म्हणतात. ओहोटीची वेळच झाली होती, असंही म्हणतात. दोन्ही सांगणारे अजून गावात आहेत.

खांड बांधली गेली. चांगोचा ताप उतरला, सूज त्याहून सावकाश उतरली. पावसाळा सरेपर्यंत तो बांधावर गेला नाही, आणि कुणी बोलावलंही नाही. त्याच्या वाट्याचं काम गावानं केलं.

गोजराबाई पुष्कळ म्हातारी होऊन गेली. आता तालुक्याला दवाखाना आहे, टाके तिथेच पडतात. पण टाके घालून माणूस घरी आला की त्याच्या वाट्याचं काम शेजारी उचलतात. त्याला गोजराबाईची पाळी म्हणतात. कधी येणार, असं त्याला विचारायचं नाही. आणि चैत्रात बांधाची डागडुजी सुरू होते तेव्हा ज्याची जखम ओली असेल त्याला खाटेवर घालून बांधावर नेतात. मातीचं पहिलं ढेकूळ तो टाकतो. एखाद्या वर्षी असं कुणीच नसलं तर खाट रिकामीच नेतात, आणि सगळ्यांना त्या रिकाम्या खाटेचा फार आनंद होतो.